विद्यापीठाच्या आवारातले जीवन : गणेशखिंडीतील चारशे अकरा एकर

जून महिना जवळ आला की पालकांच्या बोलण्यातील विषय बदलतात. मुले बारावीला असेपर्यंत ‘कोणते कॉलेज चांगले?’ एवढाच प्रश्न असतो. पदवी हाती पडल्यावर मात्र काही घरांतून निराळा सूर ऐकू येतो. ‘मुलगी एम.ए.साठी पुणे विद्यापीठात जायचे म्हणते. इथे जवळ कॉलेज असताना तिकडे कशाला? आणि तिथे नक्की असते तरी काय?’ वसईतील एका परिचित कुटुंबाने गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्यापुढे ठेवला आणि मुलीला सोडायला जाताना आम्हांलाही सोबत नेले. विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वाराशी रिक्षातून उतरल्यावर तिच्या वडिलांनी सुरक्षारक्षकाला विचारले, “भाऊ, ऑफिस कुठे?” तो हसून म्हणाला, “काका, कुठलं ऑफिस? इथं एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जायला अर्धा तास लागतो.” त्या एका उत्तराने कॉलेज आणि विद्यापीठ यांतला फरक त्यांना जेवढा समजला, तेवढा आमच्या तासाभराच्या व्याख्यानाने समजला नसता. तरीही तो फरक येथे थोडा उलगडून सांगणे आवश्यक वाटते. कारण आपल्या समाजात पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची पहिलीच पिढी अजून अनेक घरांत आहे.

आपल्याकडे ‘विद्यापीठ’ हा शब्द बहुतेकांना गुणपत्रिकेवरच भेटतो. याला इतिहास आहे. मुंबई, कोलकाता व मद्रास येथे १८५७ साली जी तीन विद्यापीठे निघाली, त्यांचा नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. संलग्न महाविद्यालयांची ही पद्धत आजही चालू आहे. त्यामुळे वसईच्या महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचा असतो, पण तीन वर्षांत तो कलिन्याच्या आवारात एकदाही पाऊल टाकत नाही, हे सहज घडते. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन चालते ते मुख्यत्वे पदवीनंतरचे. एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. आणि संशोधन यांसाठी असलेले विभाग, त्यांची ग्रंथालये, प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि या सर्वांना सामावून घेणारी मोकळी जमीन म्हणजे विद्यापीठाचे आवार. आता याला सर्रास ‘कॅम्पस’ म्हणतात, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी दुसरा शब्द येतही नाही.

वसईच्या मुलांना कलिना जवळ आहे, हे खरे. परंतु लोकलने रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्याला आवार मिळते ते दुपारपुरते. शेवटचा तास संपला की त्याचे लक्ष घड्याळाकडे आणि विरारच्या गाडीकडे लागते. आवारातले जीवन म्हणतात ते खरोखर सुरू होते संध्याकाळी सहानंतर, आणि ते मिळते तेथेच राहणाऱ्याला. म्हणूनच आम्ही येथे पुण्याचे उदाहरण घेतले आहे.

राज्यपालांच्या बंगल्यातील विद्यापीठ

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. त्यासाठीचा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४८ साली केला होता. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीचे काही महिने कारभार चालला तो भांडारकर संस्थेजवळच्या निजाम अतिथीगृहातून. मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतल्यामुळे विद्यापीठाला गणेशखिंडीतील चारशे अकरा एकरांची जागा मिळाली. प्रारंभी बारा जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत होते. १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १९९० साली जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर पुणे, नगर (आताचे अहिल्यानगर) आणि नाशिक एवढे तीन जिल्हे उरले. परंतु विद्यार्थी मात्र मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण असे सगळीकडून येतात.

विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे एके काळचे राज्यपालांचे निवासस्थान. मुंबईचे राज्यपाल सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६४ साली तिचे बांधकाम सुरू झाले आणि १८७१ साली पुरे झाले. पावसाळ्यात मुंबईचा राज्यकारभार येथून चाले. काळसर दगड, उंच मनोरा, पुढे हिरवळ. आज पदवी मिळाल्यावर आईवडिलांना शेजारी उभे करून मुले फोटो काढतात ते याच इमारतीपुढे.

या जागेशी एक विलक्षण योग जुळलेला आहे आणि तो येथील विद्यार्थ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतो. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग समितीचा प्रमुख रँड याने घरोघरीच्या तपासणीत जी दडपशाही केली, तिच्याविरुद्धचा संताप शहरात धुमसत होता. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचा सोहळा याच राज्यपाल-निवासात झाला. तेथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. एकाच साथीने घडवलेल्या या दोन कथा. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या शहरात १८४८ साली मुलींची शाळा चालवताना तिच्या अंगावर शेण फेकले गेले, त्याच शहरातील राज्यपालांच्या बंगल्यावर आज तिचे नाव आहे. आमच्या सोबतची मुलगी फाटकातून आत गेली ती त्याच नावाखालून.

दिवस कसा जातो

पहाटे आवार असते पुणेकरांचे. वड, पिंपळ, चिंच, वर्षावृक्ष यांच्या सावलीतल्या रस्त्यांवर निवृत्त मंडळी फिरायला येतात. विद्यार्थी त्या वेळी झोपलेले असतात किंवा ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जागा धरायला निघालेले असतात. (येथील चंदनाच्या झाडांवर चोरांचा डोळा असतो. कडेकोट पहाऱ्यातूनही चंदन तोडून नेल्याच्या बातम्या पुण्याच्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. एवढे मोठे रान सांभाळणे सोपे नाही.)

तास दिवसाकाठी तीन-चारच असतात. शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकाची सवय असलेल्या पालकांना हे ऐकून धक्का बसतो. ‘मग उरलेला वेळ काय करता?’ असा प्रश्न येतो. खरे शिक्षण त्या उरलेल्या वेळेत व्हावे, अशीच येथील रचना आहे. प्राध्यापक तासाला विषयाची दिशा दाखवतात, वाचायच्या पुस्तकांची यादी देतात, वाचायचे आपणच. चर्चासत्रात निबंध मांडायचा, वर्गासमोर उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यायची. हजेरी लागते, पण अभ्यास केला की नाही हे विचारायला कोणी येत नाही. काहींना हे स्वातंत्र्य मानवते. काही जण पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत गाफील राहतात. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रमांची आखणी बदलली आहे. संशोधनपद्धतीचा अभ्यास आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना त्यात श्रेयांक आहेत, तसेच एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभाही आहे.

आवाराचे हृदय कोणते, असे विचारले तर आम्ही जयकर ग्रंथालयाकडे बोट दाखवू. पहिल्या कुलगुरूंचे नाव असलेल्या या ग्रंथालयात लाखो ग्रंथ आहेत, परंतु त्याची खरी ओळख अभ्यासिकेत बसल्यावर होते. लांबच लांब टेबले, माना खाली घातलेली मुले, जागेवर ठेवलेली पाण्याची बाटली म्हणजे ‘ही जागा धरली आहे’ अशी खूण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीच्या निमित्ताने येथे सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम होतो. बाबासाहेब दिवसाचे अठरा तास वाचत, ही त्यामागची प्रेरणा. महापुरुषाला अभिवादन करण्याची यापेक्षा योग्य रीत आम्ही तरी पाहिलेली नाही.

दुपारी भोजनगृह. पुणे विद्यापीठात त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘रिफेक्टरी’ म्हणतात. हा शब्द ऐकून आम्हांला गंमत वाटली. मूळ लॅटिनमधून आलेला हा शब्द मठांतील सामुदायिक भोजनगृहाचा. सेमिनरीत शिकलेल्या आपल्या धर्मगुरूंच्या तो रोजच्या ओळखीचा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी मुले ताट हातात घेऊन ‘रिफेक्टरीला चल’ असे एकमेकांना सांगतात, तेव्हा त्यांना या शब्दाचे कूळ माहीत असण्याचे कारण नाही. पोळी, भाजी, वरण, भात. वसईच्या मुलाला येथे पहिली आठवण होते ती घरच्या मासळीच्या कालवणाची. जेवणानंतर चहा, आणि चहाबरोबर जे चालते त्याला कोणत्याच अभ्यासक्रमात श्रेयांक नाहीत. कँटीनच्या बाकावर तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी एकाच बशीतला वडा तोडत वाद घालतात. कॉलेजात आपले मित्र आपल्याच वर्गातले असतात. येथे ते आपल्या विषयाबाहेरचे असतात, आणि हा फरक लहान नाही.

याच आवारात विद्यापीठाच्या नसलेल्या, पण त्याच्या सोबतीने वाढलेल्या संस्था आहेत. त्यांपैकी ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था १९८८ साली स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक होते. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या तिच्या वास्तूत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि छतापासून लोंबणारा फुकोचा लंबकही आहे. हा लंबक आपल्या झोक्याची दिशा सोडत नाही. त्याच्याखालची पृथ्वी फिरते, म्हणून आपल्याला झोक्याची रेघ हळूहळू वळताना दिसते. ध्रुवावर ही रेघ साधारण एका दिवसात पूर्ण फेरी करील. पुण्याच्या अक्षांशावर तिला सुमारे पंचाहत्तर तास लागतात. पृथ्वी फिरते हे आपण सर्वांनी पाठ केलेले असते. ते डोळ्यांनी पाहण्याची अशी जागा मात्र दुर्मीळ. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या निमित्ताने आयुका सर्वसामान्यांना आत घेते, तेव्हा शाळकरी मुलांची रीघ लागते. शेजारीच रेडिओ खगोलशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र आहे. नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महाकाय दुर्बीण आहे, ती हेच केंद्र चालवते. पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही याच आवारात आहे. मराठीचा विद्यार्थी संध्याकाळी सहज चालत जाऊन आकाशगंगांवरचे व्याख्यान ऐकू शकतो, असे गाव महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल.

खोली, डबा आणि पैसा

इथवरचे चित्र मनोहर आहे. आता त्याची दुसरी बाजू.

प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळाले, असे नव्हे. खोल्या मर्यादित, अर्ज कितीतरी अधिक. गुणवत्ता आणि आरक्षण पाहून यादी लागते आणि पहिल्या यादीत नाव नसलेले विद्यार्थी काही आठवडे अधांतरी राहतात. मग कोणी मित्राच्या खोलीत गादी टाकतो. नाव नोंदवलेले नसताना राहणाऱ्या अशा विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या भाषेत ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द कठोर आहे. पण मुले तो स्वतःविषयीच हसत हसत वापरतात. नियमाने हे चुकीचे आहे आणि तपासणीत सापडल्यास कारवाई होते. तरीही बीडचा किंवा नंदुरबारचा मुलगा, ज्याच्या घरी शेतीवर पाच माणसे जगतात, तो औंध-पाषाणला भाड्याची खोली कोठून घेणार? नियम मोडणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही, मात्र त्या गादीवर झोपणाऱ्याला केवळ बेशिस्त म्हणून मोकळे होणेही आम्हांला जमत नाही.

या अडचणीवरचा एक जुना आणि चांगला उपाय म्हणजे ‘कमवा आणि शिका’ योजना. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत स्वावलंबी शिक्षणाचा जो पाया घातला, त्यांचेच नाव पुणे विद्यापीठाच्या या योजनेला आहे. विद्यार्थी रोज काही तास विभागाच्या कार्यालयात, ग्रंथालयात किंवा बागेत काम करतो आणि तासांच्या हिशेबाने मानधन मिळवतो. रक्कम मोठी नसते. मेसचे बिल आणि किरकोळ खर्च यांना हातभार लागतो. आपल्या काही पालकांना हे कमीपणाचे वाटते, असा आमचा अनुभव आहे. ‘आम्ही पैसे पाठवत असताना पोराने झाडांना पाणी का घालावे?’ असे एका गृहस्थांनी विचारले होते. ते स्वतः सकाळी बागेत केळींना पाणी घालूनच आले होते, ही गोष्ट आम्ही त्यांच्या लक्षात आणून दिली नाही.

अल्पसंख्याक समाजाच्या दृष्टीने एक बाब स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसह सहा अधिसूचित अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. तिच्या भरवशावर पीएच.डी.चा बेत आखू नये. आता मुख्य आधार आहे तो यूजीसीच्या ‘नेट’ परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा. २०२३ च्या जानेवारीपासून तिची रक्कम दरमहा ३७ हजार आणि पुढील टप्प्यावर ४२ हजार रुपये झाली. ज्याला ती मिळते त्याचे संशोधन निर्वेध चालते. ज्याला मिळत नाही, तो शिकवण्या घेतो, तासिका तत्त्वावर शिकवतो आणि रात्री प्रबंध लिहितो. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एकाला अधिछात्रवृत्ती असते, दुसऱ्याला नसते. मैत्री टिकते, पण महिनाअखेरीस दोघांच्याही ते ध्यानात येते.

भाषा

आवारात पाऊल ठेवताना सर्वांत मोठी भीती कशाची, असे आम्ही काही विद्यार्थ्यांना विचारले. इंग्रजीची, असे जवळपास सर्वांनी सांगितले. मानव्यविद्येच्या अनेक विषयांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. परंतु वाचायचे ग्रंथ बहुतेक इंग्रजीत. पहिल्या सत्रात मुले एका पानावर पाच-पाच वेळा शब्दकोश उघडतात. वर्गात प्रश्न सुचतो, पण विचारायला हात वर होत नाही. दुसऱ्या सत्रापर्यंत हे पुष्कळसे ओसरते, याचे श्रेय वर्गातल्या मित्रांना अधिक. रात्री वसतिगृहात एक जण वाचून अर्थ सांगतो, बाकीचे वह्यांत उतरवतात.

परंतु भाषेचा दुसराही अनुभव येथे येतो. आम्ही ज्या मुलीबरोबर गेलो होतो, तिच्या खोलीत धुळ्याकडची अहिराणी बोलणारी मुलगी आणि लातूरची एक अशा दोघी आहेत. पहिल्याच रविवारी ती आईशी फोनवर आपल्या सामवेदी बोलीत बोलत होती. फोन ठेवल्यावर दोघींनी विचारले, ‘ही कुठली भाषा गं?’ ‘मराठीच,’ असे तिने ओशाळून सांगितले. मग अर्धी रात्र तिघी एकमेकींना शब्द विचारत बसल्या. वसईच्या बसमध्ये जी बोली आपण हळू आवाजात बोलतो, ती तिने तेथे मोठ्याने बोलून दाखवली. हे तिच्या आईने आम्हांला सांगितले, तेव्हा आवाजात थोडे आश्चर्य होते.

परदेशी विद्यार्थीही पुण्यात पुष्कळ येतात. आखाती देश, आफ्रिका, अफगाणिस्तान येथील तरुण पदवी-पदव्युत्तर शिक्षण घेतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूलमध्ये सत्तांतर झाले, त्या वेळी पुण्यातील अफगाण विद्यार्थ्यांपुढे घरच्यांची चिंता आणि व्हिसाची मुदत असे दुहेरी संकट उभे राहिले. वर्तमानपत्रातील दूरदेशीची बातमी आपल्याच बाकावर बसलेली असते, हे आवारात राहणाऱ्याला असे कळते.

मुलींच्या बाबतीत पालकांची चिंता स्वाभाविक आहे, आणि तिला उत्तर आहे. वसतिगृहाला गृहपाल असतात, येण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालापासून आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. प्रवेशाच्या वेळी मुलीने या समितीचा संपर्क टिपून ठेवावा. मात्र वेळेच्या बंधनावरून विद्यार्थिनी आणि प्रशासन यांच्यात देशभरातील विद्यापीठांत वाद झाले आहेत, हेही पालकांनी जाणावे. मुलांसाठी रात्री ग्रंथालय खुले आणि मुलींनी परत फिरायचे, यावर विद्यार्थिनी हरकत घेतात. ही हरकत उद्धटपणाची नाही, असे आमचे मत आहे. अभ्यासाचे तास दोघांनाही सारखेच लागतात.

दोन वर्षांची दहा वर्षे

एम.ए. दोन वर्षांचे असते. तरीही आवारात सात-आठ, कधी दहा वर्षे राहिलेली माणसे भेटतात. एम.ए. झाले, मग ‘सेट’, मग ‘नेट’, मग पीएच.डी., आणि त्याच्या जोडीला स्पर्धा परीक्षा. महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांसाठीची ‘सेट’ परीक्षा पुणे विद्यापीठच घेते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिली नाही. नेट अथवा सेट ही किमान पात्रता आहे. पात्रता मिळवणारे भरपूर आहेत. पण राज्यातील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतील कायम पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिक्त राहिली आहेत आणि तेथे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तुटपुंजे मानधन मिळते. आवारात जे खरोखर पणाला लागलेले असते ते हे. कागदावर सर्व पात्रता असलेला पस्तिशीतला माणूस अभ्यासिकेच्या त्याच टेबलाशी बसलेला दिसतो, आणि नवे विद्यार्थी त्याला ‘सर’ म्हणतात.

या माणसाकडे बोट दाखवून ‘म्हणून विद्यापीठात जाऊ नये’ असे काही पालक म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. मात्र आवारात जातानाच एक तारीख मनाशी ठरवावी, असे आम्ही प्रत्येक मुलाला सांगतो. दोन वर्षांनंतर काय, पहिल्या प्रयत्नात परीक्षा न निघाल्यास काय, किती प्रयत्न, आणि घरचे पैसे कधी थांबवायचे, यावर घरी मोकळेपणाने बोलावे. पुढे हा विषय फोनवर काढणे अवघड होते.

एकटेपणाविषयीही बोलले पाहिजे. शेकडो माणसांत असूनही एकटे पडणारा विद्यार्थी मोठ्या आवारात सहज लपतो. तासाला नाही आला तर कोणी विचारत नाही, जेवायला नाही आला तरी ताट वाट पाहत नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे वसतिगृहे रिकामी झाली, तेव्हा घाईत निघालेल्या अनेकांची पुस्तके कित्येक महिने कुलुपबंद खोल्यांतच राहिली. त्या काळात खचलेली काही मुले पुन्हा परतली नाहीत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य आहे, मराठीतूनही बोलता येते. पालकांनी रोज फोन करून ‘जेवलास का?’ विचारण्यात काही गैर नाही. पण एखाद्या दिवशी ‘आज कोणाशी बोललास?’ असे विचारून पाहावे.

रविवारी मिस्साला कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या सोबतच्या मातेने परतीच्या वाटेवर केला. विद्यापीठापासून खडकी जवळ आहे आणि तेथे संत इग्नेशियस यांचे जुने चर्च आहे. मुलगी पहिल्या रविवारी गेली ती एकटी. नंतर तिच्याबरोबर लातूरची मैत्रीणही गेली; तिला म्हणे गाणी ऐकायची होती.

ज्यांच्या घरी यंदा असा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी. विद्यापीठातील विभागांच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज उन्हाळ्यातच ऑनलाइन भरावे लागतात. पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर मुदत निघून जाते. मुंबई विद्यापीठातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला पुण्यास स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून निकालानंतर लगेच अर्ज करावा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाहून वेगळा असतो, तो विसरू नये. आणि सोडायला जाताना सामान कमी न्यावे. आम्ही दोन ट्रंका नेल्या होत्या. मुख्य फाटकापासून वसतिगृहापर्यंत त्या डोक्यावर घेऊन चालताना मुलीच्या वडिलांनी त्या सुरक्षारक्षकाची दोनदा आठवण काढली.